घोडीवरचं धान्य

२०४१ सालच्या श्रावणात आमच्या संग्रहालयाने एका तंबोऱ्याचा गळा घोटला आणि त्याबद्दल स्वतःचा सत्कार करून घेतला. आज आठ वर्षांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मी हे लिहिते आहे. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं म्हणजे मिरजेचं कृष्णाकाठ वाद्यसंग्रहालय. १९९० साली मी तिथे नोंदलेखनिक म्हणून लागले आणि पस्तीस वर्षं एकच काम केलं. वस्तू आली की तिचं कार्ड लिहायचं. कुणी घडवली, कुणी वाजवली, कुणी दिली, काय मोडलंय, काय चिकटलंय. टाकाने, काळ्या शाईत, चार हजार एकशे बारा कार्डं. पुढे ती सगळी संगणकात गेली, पण अक्षर माझंच.

त्या श्रावणात ऋजुताचा फोन आला. डॉक्टर ऋजुता पाटणकर, संग्रहालयाची संचालिका. ही पोर नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या कार्डांच्या खोलीत वाढली. आई मिशन हॉस्पिटलात परिचारिका, तिची पाळी संपेपर्यंत ही माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची.

"मावशी, शुक्रवारी यायचंच हं. अंबुताईंचा थोरला तंबोरा पूर्वरूपातून बाहेर पडलाय. तू ओळखणार नाहीस!"

"ओळखणार नाही म्हणजे चांगलं की वाईट गं?"

"ये तर. आणि येताना दस्तगीरकाकांना घेऊन ये. त्यांच्या वडिलांची वस्तू आहे."

पूर्वरूप हे त्या यंत्राचं नाव. आदल्या वर्षी ते संग्रहालयात बसवलं होतं. यंत्राबद्दल मी वाईट बोलणार नाही, बोलेन ते माणसांबद्दल. ते क्ष-किरणांनी वस्तूचे हजारो काप पाहायचं आणि ते जोडून तिचा आतून-बाहेरून नकाशा बनवायचं. कुठला थर मूळ लाखेचा, कुठला नंतरच्या हातांच्या तेलाचा, हे रेणूंवरून ओळखायचं. मग लाखो जुन्या वस्तूंवरून शिकलेली त्याची बुद्धी ठरवायची, की ही वस्तू घडली त्या दिवशी नेमकी कशी होती. नंतर चढलेलं असेल ते प्रकाशाच्या बारीक फटक्यांनी उडवायचं. झिजलेलं असेल ते भरायचं, लाकडात लाकडाचेच तंतू, हाडात हाडाचंच खनिज, थरावर थर. २०३६ च्या पुरात संग्रहालयाच्या तळमजल्यावर सात दिवस पाणी होतं. फुगलेल्या वीणा, सोललेले पखवाज या यंत्राने पुन्हा उभे केले. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि देवासमोर साखर ठेवली. हे लिहायला हवं, नाहीतर मी अप्रामाणिक ठरेन.

शुक्रवारी थोरला तंबोरा काचेबाहेर, मखमलीवर ठेवला होता. तंबोरे जोडीने घडतात. एकाच झाडाचं लाकूड, एकाच वेलाचे भोपळे, गाणाऱ्याच्या दोन बाजूंना दोन. ही जोडी मौलासाहेब शिकलगारांनी १९५८ साली अंबुताई कुरुंदवाडकरांसाठी घडवली. अंबुताई तिच्यासोबत छत्तीस वर्षं गायल्या. गळा गेल्यावर १९९४ साली त्यांनी जोडी आम्हाला दिली. थोरला आणि धाकटा ही नावं त्यांचीच.

थोरला चमकत होता. लाख नव्या नवरीच्या चुड्यासारखी. अंबुताईंच्या गालामुळे दांडीवर एक फिकट पट्टा पडला होता, तो गेला होता. कुणीतरी ओवाळलं. कंपनीचा अभियंता नचिकेत ओक भाषण करून गेला. मग ऋजुता म्हणाली, "दस्तगीरकाका, छेडा ना."

दस्तगीरभाई तेव्हा ऐंशीचे. हात कापायचे. त्यांनी खुंट्या फिरवल्या, तारा जुळवल्या, छेडलं.

टण्. टण्. टण्. ओल्या लाकडावर कुणी बोट आपटावं तसा आवाज.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असाच असतो.

दस्तगीरभाई खाली वाकले, घोडीवरून बोट फिरवलं. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती घोडी. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मंदाताई, जवारी कुठाय?"

"म्हणजे?"

"अहो, पाठ सपाट केलीय घोडीची. काचेगत. अब्बांचा हात पुसला. अन् सूतसुदा काढून घेतलं हरामखोरांनी." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "छान आहे हो, छान आहे. दिवाणखान्यात ठेवा. वर फुलदाणी ठेवा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबोऱ्याची तार घोडीवर एका ठिकाणी टेकत नाही. घोडीच्या पाठीला अगदी पुसट उतार दिलेला असतो. तार थरथरताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. दर थरथरीला तिची लांबी केसाच्या अंशाने बदलते. त्यामुळे एका सुराच्या पोटातले वरचे सूर एकामागून एक बाहेर पडतात आणि तंबोरा गुंजतो. त्या उताराला जवारी म्हणतात; गुंज मोकळी निघाली तर जवारी खुली, दबली तर बंद. ती कानशीने घासून काढतात, मोजमापाने नाही, कानाने. एकदा घासायचं, एकदा ऐकायचं. शेवटी तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. तो जागेवर आला की तंबोरा बोलतो.

या जोडीची शेवटची जवारी मौलासाहेबांनी १९९३ साली काढली, अंबुताईंच्या घरी. मी तेव्हा जोडीची माहिती घ्यायला गेले होते, सव्वीस वर्षांची होते. म्हातारा दोन दिवस एका घोडीवर बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तार छेडली आणि आत स्वयंपाकघरात अंबुताईंच्या हातातलं उलथनं थांबलं. त्या बाहेर आल्या, पदराला हात पुसत. एवढंच म्हणाल्या, "आता हात लावू नका." दोन वर्षांनी मौलासाहेब वारले. तसा हात पुन्हा मिरजेत झाला नाही.

समारंभ उरकल्यावर मी ऋजुताच्या खोलीत गेले.

"अहवाल काढ यंत्राचा. घोडीचा."

"मावशी, बस आधी. पाणी पी."

"पाणी मी घरी पिते. काढ."

नचिकेतने पडद्यावर अहवाल आणला. मी चष्मा लावून वाचला, मग पुन्हा वाचला, मग मोठ्याने वाचला.

"नोंद क्रमांक सहाशे सतरा. घोडीवर जुनी ज्वारी असल्याची हस्तलिखित नोंद. अन्नधान्याचे अंश. धान्यामुळे कीटकांचा प्रादुर्भाव. घोडीच्या पृष्ठावर कीटकजन्य झीज, सरासरी खोली आठ शतांश मिलिमीटर. झीज भरून काढली. तारांखाली सुताचे चार तुकडे, बाह्य कचरा. काढून टाकले."



माझं कार्ड असं होतं: घोडीवर जुनी जवारी. तारांखाली सूत.

"भाकरीची जवारी समजला हा मुडदा!" मी ओरडले. खरं सांगायचं तर आमच्या गावी, हेर्ल्याला, भाकरीसुद्धा जवारीचीच म्हणतात, ज्वारी हे पुस्तकात. पण तंबोऱ्यावर धान्य कोण सांडतं? अंबुताई गाता गाता दळण निवडत होत्या काय?

नचिकेत बिचारा लाल झाला. "आजी, प्रणाली आधी सगळ्या नोंदी इंग्रजीत नेते. तिथे तो शब्द एकच आला. मग पुढचं सगळं तर्काला धरून आहे. धान्य, म्हणून कीड. कीड, म्हणून खड्डे. खड्डे म्हणजे झीज."

"तर्काला धरून आहे! आणि तुम्ही तिघं-चौघं माणसं होतात ना इथे? हा अहवाल कुणी वाचला?"

ऋजुताने पडद्यावर अहवालाच्या तळाशी बोट ठेवलं. सही तिची होती.

"आधीचा नकाशा असेल," मी म्हटलं. "यंत्राने घासायच्या आधी काढलेला. त्यावरून पुन्हा तसाच उतार द्या."

नचिकेतने तिच्याकडे पाहिलं. तिने सांगितलं, "नव्वद दिवसांनी तो पुसतात, आणि थोरल्याचा काढून चार महिने झाले. जागा फार लागते. शुद्ध रूपाचा नकाशा कायमचा ठेवतात."

म्हणजे वस्तू कशी होती हे फेकलं, आणि ती कशी असायला हवी होती हे जपलं. संग्रहालयाने! मी पस्तीस वर्षं ज्या इमारतीत डास मारायलासुद्धा परवानगी मागितली, त्या इमारतीने.

"धाकट्याचं काय?"

"सोमवारी." ती पटकन पुढे बोलली, "पण आता चूक कळली आहे, मावशी. कार्ड दुरुस्त करू. यंत्राला सांगू की जवारी म्हणजे काय. ते आदर्श जवारी देईल."

"कुणाची?"

"म्हणजे… त्याच्याकडे साडेतीनशे तंबोऱ्यांच्या घोड्या आहेत. त्यांची सरासरी."

"म्हणजे साडेतीनशे माणसांचा मिळून एक हात. मौलासाहेबांची आहे तीच राहू दे ना! धाकट्याला हातच लावू नका."

"करार सगळ्या संग्रहाचा आहे. एक वस्तू सोडली तर उद्या प्रत्येक घराणं येऊन म्हणेल आमची सोडा. विश्वस्त ऐकणार नाहीत. आणि तू पाहिलास ना तो पूर? धाकट्याच्या भोपळ्यात भुंगा आहे, मावशी. तसाच ठेवला तर दहा वर्षांत पीठ होईल त्याचं. मग मौलासाहेबांचा हात कुठे शोधशील?"

ती खोटं बोलत नव्हती. म्हणूनच मला जास्त राग आला.

तिथून मी शिकलगारांच्या घरी गेले. दस्तगीरभाई खाटेवर पडून होते. त्यांची धाकटी मुलगी मेहरून कट्ट्यावर बसून दात घासत होती. म्हणजे स्वतःचे नव्हेत, लोकांचे. मिरजेत दवाखाने भरपूर. मेहरून दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची, दाताची उंची कानशीने जमवायची. वय अडतीस, जीभ अठराची.

"या मावशी. बसा, त्या डब्यावर नको, त्यात पाटलांची बत्तिशी आहे."

मी सगळं सांगितलं. धान्याचं ऐकून ती एवढी हसली की खोकला लागला. मग हसू गेलं.

"अब्बा दोन वर्षांपासून मला जवारी शिकवतात," ती म्हणाली. "हात माझा चालतो, कान त्यांचा. पण त्यांना आता वरचे सूर ऐकू येत नाहीत. नमुना पाहिजे ना समोर. बोटाखाली पाहिजे. धाकटा गेला तर मी कुणाचं बघून घासू? साडेतीनशे लोकांच्या सरासरीचं?"

"घरात दुसरी घोडी नाही मौलासाहेबांची?"

दस्तगीरभाई छताकडे बघत म्हणाले, "पुरात गेलं सगळं. कानशी राहिल्या. लोखंड तेवढं राहतं."

धाकट्याची घोडी ही जगातली त्या हाताची शेवटची खूण होती. सोमवारपर्यंत.

शनिवारी सकाळी दूध तापवताना मला दानपत्र आठवलं. खोटं लिहिते आहे. आठवलं नाही. ते मला रोज आठवायचं, शुक्रवारपासून तर क्षणोक्षणी, आणि मी दुसरीकडे बघत होते.

अंबुताईंनी दानपत्रात एक अट घातली होती. दर वसंतपंचमीला जोडी जुळवून वाजवावी. ओळीने तीन वर्षं वाजली नाही, तर ज्या घरात ती घडली त्या घरी परत द्यावी. न वाजणारा तंबोरा लवकर मरतो, हे त्यांना ठाऊक होतं. पहिली सतरा वर्षं आम्ही अट पाळली. दस्तगीरभाई येऊन जुळवायचे, कुणी विद्यार्थी बसायचा, मी बुंदीचे लाडू आणायचे. २०१२ साली नवे संचालक आले. त्यांनी फर्मान काढलं, संग्रहातल्या वस्तूला हाताचा स्पर्श नको. मी त्यांना अट दाखवली. ते म्हणाले, "मग द्या परत. एक जोडी कमी."

द्यायची माझी छाती झाली नाही. जोडी जाऊ नये म्हणून मी त्या वसंतपंचमीला कार्डावर लिहिलं, "वाजवली." पुढच्या वर्षीही. चौदा वर्षं. दस्तगीरभाईंना सांगितलं की आता पुण्याचे लोक येऊन वाजवतात. ते हो म्हणाले. त्यांना कळलं असावं.

रविवारी मी अर्ज केला. वारसा वस्तूंच्या तक्रारी ऐकण्यासाठी तेव्हा सांगलीत एक अधिकारी नेमलेला होता. त्याने सोमवारचं काम गुरुवारपर्यंत थांबवलं आणि सुनावणी ठेवली. संग्रहालयाने त्या कार्डाची संगणकातली प्रत पाठवली. ती मी दोनदा वाचली. मी २०२५ साली निवृत्त झाले, पण २०२६ पासून २०४१ पर्यंतही दर वसंतपंचमीला नोंद होती, "वाजवली." सोळा वर्षं. कुणी लिहिलं हे? कुणीच नाही. संगणकाने माझ्या चौदा नोंदी पाहिल्या, रीत ओळखली आणि पुढे स्वतःच भरत गेला. माझं खोटं माझ्यापेक्षा जास्त वर्षं नोकरीत राहिलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ऋजुता घरी आली. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी.

"उद्या तू काय सांगणार आहेस?"

"जोडी तीस वर्षं वाजलेली नाही हे सांगणार."

"कागद म्हणतो वाजली. तीस वेळा."

"कागद खोटा आहे. चौदा वेळा मी खोटं लिहिलं."

ती आत आली, माझ्यासमोर बसली. "मावशी, तुला कळतंय का? तू एकदा म्हणालीस की मी खोटी नोंद केली, की तुझं एकही कार्ड खरं धरता येणार नाही. नियम आहे तो. चार हजार कार्डं! लोक त्यावर प्रबंध लिहितात. मी तुझ्या कार्डांवर वाचायला शिकले. कार्डांच्या खोलीला तुझं नाव द्यायचा ठराव झालाय, पुढच्या महिन्यात पाटी लागणार आहे."

"लावू नका."

"एका घोडीसाठी? आठ शतांश मिलिमीटरसाठी?"

"ऋजू, त्या आठ शतांश मिलिमीटरमध्येच तंबोरा असतो. बाकीचा भोपळा आहे."

"आणि तो तिकडे त्यांच्या घरी जाऊन पुढच्या पुरात वाहून गेला तर? तिथे ना यंत्र, ना कपाट, ना पहारा."

"तर वाहून जाईल. वाजत वाजत जाईल."

"हे भावनेचं बोलणं झालं."

"हो. तुझं तरी कशाचं आहे? तुलाही तो मरू द्यायचा नाही, मलाही नाही. फरक एवढाच की तू मेलेल्याला पावडर लावतेस."

मी हे बोलायला नको होतं. ती उठली. जाताना म्हणाली, "तुला वाटतं मी तो अहवाल वाचला नाही. वाचला होता मी, मावशी. मलाही धान्यच वाटलं. तंबोऱ्याची जवारी असते हे तू मला कधी सांगितलंच नाहीस. मी आले तेव्हा जोडी काचेत होती. मी ती वाजताना एकदाही ऐकली नाही."

ऋजुता २००८ च्या जानेवारीत पहिल्यांदा माझ्या खोलीत आली होती. त्यानंतर चार वसंतपंचम्यांना जोडी वाजली. मी तिला एकदाही वर नेलं नाही, दालनात मुलांनी गडबड करू नये म्हणून.

गुरुवारी सांगलीला मेहरून माझ्यासोबत आली. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याने कार्ड पुढे केलं.

"हे अक्षर आपलं?"

"हो."

"इथे दोन हजार बारा ते पंचवीस, दर वर्षी 'वाजवली' असं लिहिलंय. वाजवली होती?"

"नाही."

"मग असं का लिहिलंत?"

"जोडी जाऊ नये म्हणून. मला वाटलं ती आमच्याकडे सुरक्षित आहे."

"आणि आता?"

मी समोर ऋजुता बसली होती तिकडे पाहिलं नाही. "आता असं वाटतं, की आम्ही वस्तू सांभाळायला घेतली आणि तिचं काम काढून घेतलं. काम काढून घेतलं की माणसं विसरतात ती कशासाठी होती. माणसं विसरली की यंत्राला कोण सांगणार? यंत्राने धान्य म्हटलं आणि आख्ख्या इमारतीत 'हे काय भलतंच' म्हणणारं एक माणूस नव्हतं. यात पहिला गुन्हा यंत्राचा नाही. माझा आहे, आणि स्पर्श नको म्हणणाऱ्यांचा आहे. संग्रहालयाची जबाबदारी कपाटाला कुलूप लावून संपत असेल तर गोदाम काय वाईट?"

"हे सगळं नोंदवायचं का?" लेखनिकाने विचारलं.

"नोंदवा," मी म्हटलं. "आणि नीट वाचून घ्या. शब्दाला दोन अर्थ असले तर मला विचारा."

मेहरून फिस्सकन हसली. अधिकाऱ्याने मान खाली घातली. तोही हसत असावा.

निकाल दोन ओळींचा होता. अट मोडली आहे, जोडी परत द्यावी. नोंदलेखनिकाने खोट्या नोंदी केल्याचं मान्य केलं आहे, म्हणून तिच्या हातच्या सर्व नोंदी अविश्वसनीय समजाव्यात.

पुढे काय झालं ते सांगते.

नचिकेत ओकने कंपनी सोडली. तो आता बंगळूरला वाद्यांच्या ध्वनीवर संशोधन करतो. दरवर्षी मला एक प्रश्नावली पाठवतो, तिच्यात शब्दांची यादी असते. मेरू म्हणजे काय, मणी म्हणजे काय. मी उत्तरं पाठवते, प्रत्येकाचे सगळे अर्थ.

थोरला दस्तगीरभाईंनी घेतला नाही. "मढं घरात नको," म्हणाले. तो संग्रहालयातच आहे, पूर्वरूपातला म्हणून. शाळेच्या सहली त्याच्यापुढे उभ्या राहून फोटो काढतात.

दस्तगीरभाई २०४४ साली गेले. धाकटा उशाशी होता. शेवटचे तीन महिने त्यांना काही ऐकू येत नव्हतं, म्हणून ते भोपळ्यावर तळहात ठेवून पडायचे आणि मेहरूनला म्हणायचे, छेड.

माझ्या चार हजार एकशे बारा कार्डांवर लाल शिक्का बसला, अविश्वसनीय. पाटी लागली नाही. पण ऋजुताला आणि मलाही जे सुचलं नव्हतं ते झालं. ज्या वस्तूची नोंद विश्वासार्ह नाही तिला पूर्वरूपात घालता येत नाही, असा त्यांच्याच नियमावलीत नियम निघाला. शिक्का बसला त्या दिवशी यंत्र थांबलं. अंबुताईंसारख्या किती जणींच्या गालांचे पट्टे, किती बोटांचे खळगे, किती सुतं आज जागेवर आहेत, ती त्या शिक्क्यामुळे. हे फुकट मिळालेलं नाही. दोन सारंग्या आणि एक रुद्रवीणा भुंग्याने खाल्ली. ऋजुताने मला त्यांचे फोटो पाठवले, खाली एक शब्दही न लिहिता. ते मी जपून ठेवले आहेत, बघण्यासाठी.

ऋजुताने दोन वर्षांनी मिरज सोडली. ती आता गुवाहाटीच्या एका संग्रहालयात आहे. तिथे आठवड्यातून एकदा वाद्यं काचेबाहेर काढून वाजवतात, असं ऐकलं. फोन करते. अजून मला मावशी म्हणते, पण आता "तुम्ही" म्हणते.

मेहरूनने कवळ्यांचं काम अर्ध्यावर आणलं. धाकट्यावर बोट फिरवून फिरवून ती घोड्या घासत राहिली. पहिल्या एकतीस बिघडल्या. बत्तिसावी बोलली. "बत्तिशी पुरी झाली," असं म्हणत गल्लीभर पेढे वाटले तिने.

पण धाकटा रोज वाजत होता. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याची तार घोडीत रुतत जाते, तिथे बारीक चऱ्या पडतात आणि जवारी बसते, म्हणजे उतार मोडतो आणि गुंज जाते. ऋजुता म्हणाली होती तसं भुंग्याने त्याचं पीठ केलं नाही, त्याला त्याच्याच तारांनी खाल्लं. गेल्या माघात तो घोगरा झाला. मेहरून मला घ्यायला आली. घोडीवर आता नव्याने कानस चालवायची, म्हणजे मौलासाहेबांच्या हाताचा उरलासुरला उतार जाणार, हे तिला कळत होतं. मलाही.

"मावशी, तुम्ही सांगाल तसं. नको म्हणाला तर असाच ठेवते. कापडात गुंडाळून."

"तुझे अब्बा काय म्हणाले असते?"

"शिव्या दिल्या असत्या. अजून का बसलीयेस म्हणून."

तिने तारा सैल केल्या. कानस घेतली. पांढरी भुकटी तिच्या ओढणीवर पडत होती. मी समोर बसून होते. जन्मभर खुणा जपणारी बाई, आणि माझ्यासमोर शेवटची खूण निघत होती. मी रागाची वाट पाहिली. तो आला नाही.

दुपारी तिने तारा चढवल्या, सूत सरकवलं, छेडलं. आणि माझ्याकडे पाहिलं.

"अजून जरा बंद आहे," मी म्हटलं.

तिने कानस उचलली.